जुने टाचण आणि नवा मदतनीस

शिक्षकाच्या कपाटातील टाचण आणि घरच्या फडताळातील लोणचे यांत एक मोठा फरक आहे. लोणचे ठेवले की मुरते. टाचण मात्र ठेवले की नुसते जुने होते. पण गंमत अशी की, आपले टाचणही मुरतेच आहे, असे आम्हां शिक्षकांना वाटत राहते. मलाही वाटत होते.

मराठी विभागातर्फे आम्ही मुद्रितशोधनाचा एक अल्पमुदतीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवतो. कला शाखेच्या मुलामुलींना पदवीबरोबर हाताला काही काम मिळावे, हा त्यामागचा साधा हेतू. या अभ्यासक्रमाचे टाचण एका खाकी फाईलमध्ये होते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे १४ नियम, १९७२ मध्ये त्यांत पडलेली आणखी ४ नियमांची भर, मुद्रितशोधनाच्या खुणांचा तक्ता, खिळ्यांच्या जुळणीपासून संगणकावरील अक्षरजुळणीपर्यंतचा छपाईचा इतिहास, असा सगळा ऐवज त्यात होता. दर वर्षी त्याच पानांच्या छायाप्रती निघत, मी त्याच क्रमाने शिकवी, त्याच धर्तीची प्रश्नपत्रिका निघे आणि बहुतेक सगळे उत्तीर्ण होत. तक्रारीला जागाच नव्हती.

मध्यंतरी या अभ्यासक्रमाची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली. परीक्षेत तिला उत्तम गुण होते. एका छापखान्यात ती कामाला लागली होती, एवढे ठाऊक होते. मी विचारले, "काय गं, काम कसं चाललंय?" ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "सर, काम सुटलं. एका संस्थेच्या अहवालात चुका राहिल्या. पुन्हा छापावा लागला." मग थोड्या वेळाने म्हणाली, "नियम मला अजून पाठ आहेत, सर. पण छापलेल्या पानात चूक समोर असते आणि दिसत नाही."

ती गेल्यावर मी फाईल काढली. पाने मोजली. माहितीची पाने चाळीसच्या वर आणि सरावाचे पान एक! तेही वर्षानुवर्षे तेच. त्याची उत्तरे एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे परंपरेने जात असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पोहण्याचे शास्त्र आम्ही शिकवले होते, पाण्यात कोणाला उतरवलेच नव्हते. चूक त्या मुलीच्या डोळ्यांची नव्हती. माझ्या टाचणाची होती.

टाचण सुधारावयाचे ठरले, पण एकट्याने नवे पन्नास-साठ उतारे कधी रचावयाचे? तेव्हा संगणक विभागातील एका तरुण सहकाऱ्याने सुचवले, "सर, एआयला विचारून बघा की." मी बघितले. त्यातून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा उद्देश. अभ्यासक्रम मुद्रितशोधनाचा असो, शिवणकामाचा असो वा हिशेबनिसीचा. शिकवण्याचे साहित्य सुधारताना येणाऱ्या अडचणी थोड्याफार फरकाने सारख्याच असतात.

हे यंत्र करते तरी काय?

जनरेटिव्ह एआय म्हणजे मागणीबरहुकूम नवा मजकूर, चित्र वा ध्वनी तयार करून देणारी संगणकीय व्यवस्था. येथे आपण मजकुरापुरतेच बोलू. हे यंत्र अफाट मजकूर वाचून तयार झालेले असते. 'वाचून' हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो. वस्तुतः मजकुराचे लहान लहान तुकडे पाडून, आधी अमुक तुकडे आले असता पुढे कोणता तुकडा येण्याचा संभव किती, याचे गणित ते शिकलेले असते. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी 'ट्रान्सफॉर्मर' नावाची एक रचना मांडली. वाक्यातील दूरदूरच्या शब्दांचे परस्परसंबंध तोलणे तिच्यामुळे यंत्राला चांगले साधले. पुढे ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय या अमेरिकी कंपनीने चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले केले आणि प्रयोगशाळेतील ही विद्या एकदम घराघरांत आली. गूगलचे जेमिनी, अँथ्रॉपिकचे क्लॉड, मायक्रोसॉफ्टचे कोपायलट ही त्याच कुळातील आणखी काही नावे.

या कार्यपद्धतीतून तीन गोष्टी निघतात आणि त्या शिक्षकाने आरंभीच गाठीला बांधाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, यंत्राच्या भाषेला ओघ असतो. पण ओघ म्हणजे सत्य नव्हे. पुढे काय शोभेल हे ते उत्तम जाणते; जे शोभते ते खरे असतेच असे नाही. अलीकडे यांतील काही साधने इंटरनेटवर शोध घेऊन किंवा आपण जोडलेला कागद वाचून उत्तर देतात. त्याने चुका घटतात, नाहीशा होत नाहीत.

दुसरी गोष्ट मराठीपुरती आहे. यंत्र मराठी शिकले ते मुख्यतः इंटरनेटवर जी मराठी सापडते तिच्यावरून. त्या मजकुरापैकी कितीतरी मजकुरावरून मुद्रितशोधकाची नजर कधी फिरलेलीच नसते. म्हणजे ज्या चुका शोधायला आम्ही मुलांना शिकवतो, त्याच चुका पाहत पाहत हे यंत्र मोठे झाले. अशा गुरुजींकडून शुद्धलेखनाचा धडा घेताना सावध राहणे बरे.

तिसरी गोष्ट जरा तांत्रिक आहे. यंत्र मजकुराचे जे तुकडे पाडते, ते आपल्या अक्षरांशी जुळतातच असे नाही. तुकडे पाडण्याची रीत बहुतांशी इंग्रजी मजकुरावरून बेतलेली असल्याने मराठी शब्दांचे तुकडे अधिक आणि वेडेवाकडे पडतात. त्यामुळे एखाद्या उताऱ्याचा सारांश सांगणे त्याला सहज जमते. पण 'या शब्दातील दुसरी वेलांटी ऱ्हस्व कर' किंवा 'नेमक्या सात चुका घाल' अशा बारीक कामात ते अडखळते. एरवी ही उणीव कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण मुद्रितशोधनाचा सारा व्यवहारच वेलांटी-उकारांचा!

पहिला प्रयत्न

मी पहिल्या दिवशी यंत्राला सांगितले, "मुद्रितशोधनाच्या अभ्यासक्रमासाठी सविस्तर टिपणे लिहून दे." पापणी लवते न लवते तोच मजकूर पडद्यावर उतरू लागला. मथळे, उपमथळे, शेवटी सारांश. सगळे कसे नीटनेटके. मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मजकूर पुन्हा वाचला तेव्हा उत्साह ओसरला. 'मुद्रितशोधन ही एक कला आहे', 'आजच्या वेगवान युगात मुद्रितशोधकाची भूमिका अत्यंत महत्त्वाची आहे', अशी वाक्ये एकामागून एक आली होती. त्यांत खोटे काही नव्हते आणि उपयोगाचेही काही नव्हते. माझ्या खाकी फाईलमध्ये जो दोष होता तोच येथे नवे कपडे घालून उभा होता. चाळीस पानांच्या माहितीत यंत्राने आणखी आठ पानांची भर घातली होती, इतकेच.

दोष यंत्राचा नव्हता. मी टिपणे मागितली, त्याने टिपणे दिली. मला काय हवे ते मीच ठरवले नव्हते.

मागणे बदलले

प्रशिक्षणशास्त्रात रॉबर्ट मेगर या अमेरिकी अभ्यासकाचे नाव आदराने घेतले जाते. पाठाची उद्दिष्टे कशी लिहावीत यावरील त्याचे छोटेखानी पुस्तक १९६२ चे, म्हणजे योगायोगाने आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांच्याच वयाचे. त्याचे सांगणे सरळ होते. उद्दिष्टातून तीन गोष्टी कळल्या पाहिजेत : पाठ संपल्यावर विद्यार्थी काय करून दाखवील, कोणत्या परिस्थितीत करील आणि कितपत चांगले करील.

या कसोटीवर माझे पहिले उद्दिष्ट घासून पाहिले. ते असे होते : 'विद्यार्थ्यांना शुद्धलेखनाच्या नियमांचा परिचय करून देणे.' यात विद्यार्थी काय करणार? काहीच नाही, जे काही करावयाचे ते मीच करणार. मग ते बदलून असे लिहिले : 'अनोळखी विषयावरील साधारण २०० शब्दांचा छापील मजकूर समोर असता, नियमांचे पुस्तक न पाहता, १० मिनिटांत त्यातील ऱ्हस्व-दीर्घाच्या सर्व चुका शोधून योग्य खुणा करणे व जे शब्द बरोबर आहेत त्यांना हात न लावणे.' अशी पाच कामे मी कागदावर उतरवली. या कामात यंत्राची मदत घेतली नाही, कारण छापखान्यात पहिल्या महिन्यात काय काय करावे लागते हे त्या माजी विद्यार्थिनीला विचारूनच कळण्यासारखे होते. ती मोकळेपणाने बोलली. मी लिहून घेतले.

यानंतर यंत्राला दुसरी मागणी केली. माझ्या जुन्या टाचणाचा मजकूर आणि पाच कामांची यादी त्याच्यापुढे ठेवून म्हटले, "टाचणातील कोणता भाग कोणत्या कामाला उपयोगी पडतो ते सांग. ज्या कामासाठी सराव नाही ते दाखव. जो भाग कोणत्याच कामाला लागत नाही तोही दाखव. नवे काही लिहू नकोस."

या वेळचे उत्तर निराळे होते. पाचांपैकी तीन कामांसाठी माझ्या टाचणात एकही सराव नव्हता. एकाच लेखात एक आडनाव दोन तऱ्हांनी छापले गेले असेल तर ते पकडणे, कोष्टकातील बेरीज पडताळणे, शंका आली तर लेखकाला काय व कसे विचारावे हे ठरवणे. ही ती तीन कामे. आणि छपाईच्या इतिहासाची सहा पाने कोणत्याच कामाला लागत नव्हती! ती पाने मला फार प्रिय. त्यांतील विनोदही ठरलेले होते. सुरुवातीला राग आला, मग पटले. आता त्यांतील एक पान ठेवले आहे; बाकीची मी गप्पांत सांगतो.

माझ्या अनुभवात यंत्राचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच ठरला. नवे लिहून देणारा लेखक म्हणून नव्हे, तर जुने तपासणारा परका डोळा म्हणून. स्वतःच्या टाचणाचे दोष स्वतःला दिसत नाहीत. स्वतःच्या मजकुराचे मुद्रितशोधन स्वतः करू नये, हे तर आमच्याच अभ्यासक्रमाचे पहिले वाक्य आहे.

उतारे, सापळे आणि उत्तरसूची

आता सरावाचे उतारे हवे होते. येथे यंत्राचा वेग खरोखरच कामी आला. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, लग्नपत्रिका, निविदेची सूचना, पाककृती, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे वृत्त. म्हणाल त्या ढंगाचा उतारा ते लिहून देते. छापखान्यात नेमके असेच कागद येतात. एका दुपारी वीसेक कच्चे उतारे हाती आले.

परंतु चुका घालण्याचे काम त्याच्यावर सोपवले आणि फजिती झाली. दहा चुका सांगितल्या तर सातच घालावयाच्या आणि उत्तरसूचीत दहा दाखवावयाच्या, असा प्रकार. कधी घातलेली चूक ते परस्पर सुधारूनही टाकी. सर्वांत बोलके उदाहरण पुढील तीन छोट्या वाक्यांचे :

'वकीलाने त्या गरीबाला धीर दिला. आजारपणाने त्याच्या शरीराला थकवा आला होता. सूनेने त्याला पाणी दिले.'

येथे तीन चुका आहेत. 'वकील', 'गरीब', 'सून' या शब्दांना प्रत्यय लागताना उपान्त्य दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व होतो. म्हणून 'वकिलाने', 'गरिबाला', 'सुनेने' असे हवे. पण 'शरीर' हा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. त्याचा दीर्घ इकार प्रत्यय लागल्यावरही तसाच राहतो. 'शरीराला' हेच बरोबर. यंत्राने मात्र उत्तरसूचीत 'शरिराला' अशी चौथी दुरुस्ती ठामपणे नोंदवली आणि वर नियमाचा हवालाही दिला. अर्धा नियम पाठ असलेला विद्यार्थी जी चूक करतो, नेमकी तीच चूक!

मी आधी वैतागलो. मग लक्षात आले की, ही चूक टाकून देण्याची नसून जपून ठेवण्याची आहे. जेथे यंत्र घसरते तेथे मुलेही घसरतात. तेव्हापासून प्रत्येक उताऱ्यात बरोबर असूनही चुकीचे वाटतील असे दोन-तीन शब्द मी मुद्दाम ठेवतो. चूक शोधण्याइतकेच बरोबर शब्दाला हात न लावणेही मुद्रितशोधकाला यावे लागते.

आता कामाची वाटणी ठरून गेली आहे. उताऱ्याचा कच्चा मजकूर यंत्राचा. तो मी आधी शुद्ध करतो. चुका मी घालतो. त्याही मनाने नव्हे, तर जुन्या उत्तरपत्रिकांतून काढलेल्या यादीवरून. मुले खरोखर कोठे चुकतात ती ही यादी. 'हळूहळू' मधील उकार, दोनदा छापलेला शब्द, ओळ बदलताना गळलेले अक्षर, अवतरणचिन्ह उघडून न मिटणे, असे बरेच काही तीत आहे. उत्तरसूची हातानेच करावयाची आणि एका सहकाऱ्याने ती स्वतंत्रपणे पडताळावयाची, हा नियम आम्ही मोडत नाही.

उताऱ्यांचा क्रमही बदलला. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, नवशिक्याला थेट कोडे घालण्यापेक्षा आधी सोडवून दाखवलेले उदाहरण द्यावे. त्याच्या मनावरचा भार हलका होतो. त्यानुसार पहिल्या आठवड्यात सगळ्या खुणा केलेला उतारा, दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या खुणा केलेला, मग कोरा. एकाच उताऱ्याची ही तीन रूपे तयार करणे हाताने कंटाळवाणे होते. यंत्राने रूपे मांडून दिली, मी तपासली.

शिवाय, प्रत्येक तासाच्या आरंभी पाच मिनिटांची एक चाचणी ठेवली. गुणांसाठी नव्हे, आठवणीसाठी. रोडिगर आणि कार्पिकी या दोघा अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून मग स्वतःला आठवायला लावणाऱ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहते. लगेचच विचारले तर मात्र पुन्हा वाचणारेच पुढे असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री टिपणे घोकणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी! अशा चाचण्यांसाठी नित्य नवे प्रश्न लागतात आणि ते पुरवण्यात यंत्राचा हात धरणारा दुसरा नाही.

यंत्र झाले विद्यार्थी

आणखी एक युक्ती फार कामाची निघाली. यंत्राला सांगितले, "तू पहिल्याच दिवशी वर्गात आलेला विद्यार्थी आहेस. पुढील सूचना वाच आणि जिथे अडशील तिथे मला प्रश्न विचार. उत्तर देऊ नकोस."

माझी सूचना होती : 'चूक आढळल्यास ओळीत काकपद देऊन समासात दुरुस्ती लिहावी.' यंत्राने विचारले, "समास म्हणजे व्याकरणातील समास, की पानाच्या कडेची मोकळी जागा?"

मी चमकलो. मराठीच्या वर्गात सकाळी तत्पुरुष आणि द्वंद्व शिकवावयाचे आणि दुपारी, काही न सांगता, समास म्हणजे पानाची कड असे गृहीत धरावयाचे! कित्येक वर्षे किती मुले गोंधळली असतील आणि भिडेखातर गप्प बसली असतील! खऱ्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची लाज वाटते. यंत्राला ती नाही. आता सूचनेत 'पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेत (हिलाच समास म्हणतात)' असे लिहिले आहे. बदल एका ओळीचा. पण मला विचाराल तर साऱ्या खटाटोपातील सर्वांत चांगला.

फसगतीच्या जागा

येथवर वाचून कोणास वाटेल की, चला, काम सोपे झाले. म्हणून धोक्याच्या जागाही सांगितल्या पाहिजेत.

यंत्र नसलेले संदर्भ तयार करते. मी संदर्भग्रंथांची यादी मागितली, तेव्हा त्यातील एक पुस्तक शोधण्यात ग्रंथालयात एक सकाळ गेली. असे पुस्तकच नव्हते. माझी सकाळच गेली, न्यूयॉर्कमधील दोन वकिलांची तर अब्रू गेली. चॅटजीपीटीने रचलेले, प्रत्यक्षात कधीच न झालेले खटले त्यांनी न्यायालयापुढे दाखले म्हणून मांडले आणि जून २०२३ मध्ये न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. शिक्षकाला दंड करणारे न्यायालय नाही. म्हणून त्याने अधिक जपावे.

विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका नावासकट यंत्रात घालू नयेत. तो मजकूर कोठे साठतो व पुढे कशासाठी वापरला जातो हे आपल्या हाती नसते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी आपल्याकडे २०२३ मध्ये कायदा झाला; पण कायद्याआधीही ही साधी सभ्यता आहे. तीच गोष्ट दुसऱ्यांच्या पुस्तकांची. संपूर्ण पुस्तक यंत्रात घालून त्याचे 'आपले' टाचण करून घेणे ही उचलेगिरीच, मग उचलणारा हात यंत्राचा का असेना.

तिसरा धोका भाषेचा. यंत्राची मराठी पुष्कळदा इंग्रजीच्या साच्यातून निघालेली असते. 'हे लक्षात घेणे महत्त्वाचे आहे', 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' असली वाक्ये ते पानापानावर पेरते. आपण सावध नसलो तर विद्यार्थी तीच भाषा उचलतात. म्हणून यंत्राने लिहिलेला प्रत्येक परिच्छेद मोठ्याने वाचून पाहावा. जे वाक्य आपण वर्गात उभे राहून बोलणार नाही ते कापावे.

आणि वेळ? वेळ वाचला का, असे सहकारी विचारतात. खरे सांगायचे तर फारसा नाही. लिहिण्याचा वेळ वाचला, तपासण्यात तो गेला. मात्र आधी जो वेळ तेच तेच नक्कल करण्यात जात होता, तो आता विचार करण्यात जातो. ही अदलाबदल मला फायद्याची वाटते.

मग शिक्षकाचे काय?

यंत्र इतके करू लागले तर शिक्षक कशाला, हा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर रोज येतो. मला त्याचे उत्तर त्या माजी विद्यार्थिनीने दिले. नवे उतारे तयार झाल्यावर मी तिला बोलावले आणि एक सोडवायला दिला. तिने तो सोडवला, 'शरीराला' या शब्दाला हात लावला नाही, आणि वर माझ्या उत्तरसूचीतून निसटलेली एक चूक दाखवून दिली. मग म्हणाली, "सर, एक सांगू? खरी अडचण अशी शांत बसून होत नाही. संध्याकाळी सातला गिऱ्हाईक समोर उभं असतं, मालक दोनदा डोकावून जातात आणि शेवटची चार पानं तशीच असतात. त्या वेळी काय आधी बघायचं आणि काय सोडायचं, ते शिकवा."

हे माझ्या फाईलमध्ये नव्हते. यंत्रानेही सुचवले नव्हते. कारण मीच विचारले नव्हते आणि विचारण्याइतके मला ठाऊकच नव्हते. आता अभ्यासक्रमाच्या शेवटच्या आठवड्यात 'सातची चार पाने' नावाचा एक तास आहे. घड्याळ लावून, मधेमधे व्यत्यय आणून, आधी मथळे, नावे, आकडे व तारखा आणि मग बाकीचे, असा क्रम लावायला आम्ही शिकवतो. पहिला तास तिनेच घेतला. मुले तिच्याभोवती जमली होती. मी मागच्या बाकावर बसलो होतो.

तिला ती नोकरी परत मिळाली नाही. सध्या ती घरी बसून पानावारी काम करते. माझ्या जुन्या टाचणाची किंमत तिने मोजली, ही बोच मला आहे आणि ती राहावी असेही वाटते.

शिकवण्याच्या साहित्यात सुधारणा व्हावयाची तर तिचा आरंभ विद्यार्थी कोठे अडखळतो तेथून होतो. ती जागा यंत्राला ठाऊक नसते. ती शिकून गेलेल्याला विचारावी लागते, उत्तरपत्रिकेत शोधावी लागते, वर्गातील गप्प चेहऱ्यांवर वाचावी लागते. एकदा ती सापडली की यंत्रासारखा मदतनीस नाही. एका अडखळण्यावर तो वीस उतारे देईल. पण ती न शोधताच मदतनिसाकडे गेलो, तर आपलेच जुने टाचण अधिक गुळगुळीत होऊन आपल्या हाती परत येईल.

विद्यार्थी मित्रांनाही जाता जाता एक सांगावेसे वाटते. हे यंत्र तुमच्याही खिशात आहे. त्याच्याकडून उत्तर लिहून घेतलेत तर उत्तर त्याचे होईल आणि पोहायचे राहून जाईल. त्याऐवजी त्याला म्हणा, "मला दहा प्रश्न विचार आणि मी चुकलो की लगेच उत्तर सांगू नकोस." आणि ते चुकले की त्याला पकडा. या लेखातही एखादी मुद्रणाची चूक राहिली असेल. ज्यांना ती दिसेल त्यांनी विभागात येऊन अवश्य दाखवावी. खाकी फाईल आता तेथे उघडीच असते.